पहिल्या खेपेचे हात

"आज तरी बसायला खुर्ची असू दे रे देवा."

नुत्सा हे मला म्हणाली नाही, आपल्या बुटाला म्हणाली. दारातल्या पायरीवर आम्ही दोघी शेजारी शेजारी वाकून बूट चढवत होतो आणि माझा कान तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. शिवाय ती हे जपानीतच पुटपुटली. जपानात येऊन झालेल्या आठ महिन्यांत पोरीला कुरकुर करण्याइतकी भाषा आली, याचं मला कौतुकच वाटलं.

कुरकुरीत तथ्य होतं. सुट्टीचा तो आठवा दिवस. गेल्या सात दिवसांत तिचे गुडघे चहाच्या समारंभात दीड तास, धूप हुंगण्याच्या वर्गात एक तास आणि झेन मंदिरात भल्या पहाटे चाळीस मिनिटं चटईवर दुमडलेले होते. आदल्या दिवशी मुखवटे घालून करतात त्या नो नाटकाला गेलो, तिथे खुर्च्या होत्या, पण तोवर तिच्यात जीवच उरला नव्हता. नायकाच्या भुतानं रंगमंचावर यायला वीस मिनिटं घेतली, तेवढ्यात हिला डोळा लागला आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. ते मला नंतर कळलं, कारण मीही झोपलेलीच होते.

"आज कागदाचं गाव आहे," मी कुजबुजले. "उभ्यानं करायचं काम."

तिनं माझा हात असा दाबला की अंगठी रुतली.

"तीन मिनिटं," फाटकातून आवाज आला. आमचे हे घड्याळाकडे बघत उभे होते.

शिगेनोबू, म्हणजे आमचे हे, मार्चमध्ये रेल्वेतून निवृत्त झाले. सदतीस वर्षं गाड्यांचं वेळापत्रक आखलं. टेबलाएवढा कागद, त्यावर आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी थांबली की रेघ सपाट. दोन रेघा चुकीच्या जागी एकमेकींना भेटल्या तर माणसं मरतात, असं ते लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले होते. मला वाटलं होतं, काहीतरी गोड बोलतील.

निवृत्तीनंतर दोन महिने त्यांनी माझ्या वॉशिंग मशीनचं वेळापत्रक आखलं. तिसऱ्या महिन्यात मी नगरपालिकेत जाऊन परदेशी विद्यार्थी घरी ठेवणाऱ्यांच्या यादीत आमचं नाव घालून आले. यांना घराबाहेर काढायला कुणीतरी हवंच होतं. तेव्हा आली नुत्सा, जॉर्जियाची, कॉकेशसच्या डोंगरातली. इथल्या विद्यापीठात शिकते. आधी रविवारपुरती जेवायला यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या हॉस्टेलची रंगरंगोटी निघाली आणि ती सहा आठवड्यांसाठी आमच्या वरच्या खोलीत राहायला आली. आम्हाला मूलबाळ नाही. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, आई-बाबा म्हटलं तर चालेल का? हे "हो" म्हणाले आणि तसेच उठून अंगणात गेले. बराच वेळ झाडांना पाणी घालत होते. पाऊस नुकताच पडून गेला होता.

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर तक्ता लागला. निळी रेघ त्यांची, लाल नुत्साची, हिरवी माझी. बसचा वेळ, चालायचा वेळ, स्वच्छतागृहाची सात मिनिटं, सगळं त्यात होतं. निळीच्या रंगाचं कापड, लाखेचे वाडगे, सुऱ्यांचे लोहार, बाहुल्यांचं नाटक. दिवसाला दोन, कधी तीन ठिकाणं. नुत्साला नको म्हणता येत नव्हतं, मला पुरे म्हणता येत नव्हतं, आणि यांना वाटत होतं की आम्हा दोघींची हौस काही फिटत नाही.

कागदाच्या गावात मात्र नुत्सा खुलली. डोंगरातून येणारं गार पाणी, लाकडी हौद, हौदात ढगासारखा तरंगणारा लगदा. कारखाना किनुयोबाईंचा. सत्तरी ओलांडलेल्या, कोपरापर्यंत लाल झालेले हात, आणि गोड बोलायला वेळ नाही असा चेहरा. बांबूच्या काड्यांचा साचा नुत्साच्या हातात देऊन त्यांनी एकदा करून दाखवलं. बुडवायचा, उचलायचा, मागेपुढे हलवायचा. नुत्सानं बुडवला, उचलला आणि स्वतःच मागेपुढे हलायला लागली.

"मुली, पाणी हलव," किनुयोबाई म्हणाल्या. "तू थांब."

कागद झाला तो एका बाजूला भाकरीएवढा जाड आणि दुसऱ्या बाजूला चाळण. किनुयोबाईंनी तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा धरला. यावर पत्र लिहिता येणार नाही, मासा गुंडाळता येईल, असा निकाल दिला. नुत्सा पोट धरून हसली. हेही हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "पहिल्या खेपेचे हात असेच असतात. माझ्याकडे शिकायला यायचे त्यांची पहिली रेघ अशीच थरथरायची. पुढं कधीतरी हात विचार करायचं सोडून देतो, तेव्हा ती सरळ येते. मी नुसता हात बघून सांगायचो, कितवी खेप आहे ते."

दारातल्या टेबलावर तारखेचा शिक्का होता. नुत्साकडे शिक्क्यांची वही होती, जिथे जाऊ तिथला उठवून घ्यायची. नऊ ऑगस्ट. तिनं तो असा जोर लावून उठवला की मागच्या पानावर उमटला. मग समोरच्या दुकानात किसलेला मुळा घातलेल्या थंड सोबा-शेवया खाल्ल्या. मुळा नाकात गेला तसे हे म्हणाले की या दुकानात म्हाताऱ्यांनी यावं, रडलं तरी कुणी कारण विचारत नाही. आम्ही हसलो. छान दिवस होता.

आता जे सांगायचं ते मी त्या वेळी कुणालाच सांगितलं नव्हतं. जूनमध्ये हे टोफू आणायला गेले आणि टोफू घेऊन आले, दहा मिनिटांनी पुन्हा गेले आणि पुन्हा टोफू घेऊन आले. मी दोन्ही वेळा "बरं झालं आणलात" म्हणाले. तीन दिवस आम्ही टोफू खाल्ला. जुलैत थोरल्या दिरांना फोन लावून अर्धा तास बोलले, ठेवला, आणि मला म्हणाले, दादाला बऱ्याच दिवसांत फोन नाही केला. मग मी एकटीच नगरपालिकेच्या रुग्णालयात जाऊन आले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नीट बोलल्या. यांना घेऊन या म्हणाल्या. आठवणीची तपासणी, सहा सप्टेंबर, दुपारी दीड. ही वेळ चुकली तर पुढची थेट नोव्हेंबरअखेर, आणि इतकं थांबू नका, असंही म्हणाल्या.

ते कार्ड मी तांदळाच्या डब्यात ठेवलं. लग्न झाल्यापासून यांनी तो डबा कधी उघडलेला नाही. रोज तांदूळ काढताना कार्ड दिसायचं, मी मापटं भरायचे आणि झाकण लावून टाकायचे.

पंचवीस ऑगस्टच्या सकाळी मी फ्रीज उघडायला गेले तर तक्त्यावर तीन रेघा कागदाच्या गावाकडे निघाल्या होत्या. तीच बस, तीच सात मिनिटं, सोबाच्या दुकानात तोच सपाट तुकडा.

"नुत्साला अजून कागद दाखवलाच नाही," हे जेवणाच्या टेबलावरून म्हणाले. "लाखेचे वाडगे दाखवले आणि कागद राहिला. मला काल एकदम लक्षात आलं."

नुत्साच्या जेवायच्या काड्यांमध्ये मुळ्याच्या लोणच्याची फोड होती, ती तशीच राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी यांच्या भरलेल्या पेल्यात चहा ओतला आणि तो बशीत सांडला.

"मला खूप आवडेल, बाबा," नुत्सा म्हणाली.

आम्ही गेलो. किनुयोबाई हात पुसत बाहेर आल्या, नुत्साला बघून त्यांचं तोंड उघडलं. मी घाईघाईनं वाकून नमस्कार केला, लागतो त्यापेक्षा बराच खाली, आणि वर यायला वेळ घेतला. सरळ झाले तोवर त्यांचं तोंड मिटलेलं होतं. ही आमची नुत्सा, जॉर्जियाहून आलीय, असं यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, अगंबाई, इतक्या लांबून, आणि कागद कधी केलाय का. नुत्सा म्हणाली, नाही. मी पायाखालच्या ओल्या फरशीकडे बघत राहिले. चार माणसांत एकच माणूस खरं बोलत होता, आणि तोच चुकत होता.

नुत्सानं मुद्दाम धडपडायचा प्रयत्न केला. साचा तिरका धरला, पाणी पायावर घेतलं. पण हातांनी मागच्या वेळचं धरून ठेवलं होतं, ते काही ऐकेनात. कागद बरा झाला. चांगलाच बरा झाला.

"पहिल्याच खेपेला!" हे माझ्याकडे वळून म्हणाले. "बघितलंस, फुसाए?"

"काहींच्या हातातच असतं," किनुयोबाई नळाकडे तोंड करून म्हणाल्या.

निघताना यांनी शिक्क्याची आठवण केली. नुत्सा म्हणाली, वही घरी राहिली. वही कशी विसरतेस, म्हणून यांनी तिला जरा रागे भरलं. ती मान खाली घालून ऐकत होती आणि वहीचं निळं टोक तिच्या पिशवीतून मला दिसत होतं. मग सोबा, मग मुळा, मग म्हाताऱ्यांचा विनोद. आम्ही दोघी हसलो, आणि खोटं नव्हतो हसत. विनोद चांगलाच आहे तो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "आई, आजचा कागद चांगला झाला ना? आधीच्यापेक्षा."

"हो."

"मला तिथं कितीही वेळा जायला आवडेल."

मी उठून पातेल्यात काय शिजतंय ते बघायला गेले. शेगडीवर पातेलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस आम्ही तिघं फार गोडीनं राहिलो. हे सकाळी तक्ता समजावून सांगायचे, आम्ही माना डोलवायचो. नुत्सा आता त्यांच्या डाव्या बाजूनं चालायला लागली, रस्त्याकडच्या. बसच्या दारात तीच आधी उतरायची आणि उगाच पिशवीशी चाळा करत त्यांच्यासाठी थांबायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बोललो तर आम्ही फक्त उन्हाळ्याबद्दल बोलायचो. त्या वर्षी आमच्याइतकं उन्हाळ्याबद्दल कुणी बोललं नसेल.

आणि मग शेवटच्या आठवड्याचा तक्ता आला. मी भांडी घासत होते, ओल्या हातांनीच फ्रीजपाशी गेले. सहा सप्टेंबर. निळी, लाल, हिरवी, तिन्ही कागदाच्या गावाला. परतीची रेघ तीनला घरी टेकत होती.

मी म्हणाले, सहा तारीख सोडू या का, मला शहरात थोडं काम आहे. काय काम, यांनी विचारलं. इतकी सोपी संधी मला पुन्हा मिळाली नसती. मी म्हणाले, दाढ दुखतेय.

"मग सातला दाखव. बाराला पोरगी हॉस्टेलवर परत जाणार. कागद न दाखवता पाठवायची तिला?"

नाही, तसं कसं, असं मी म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, टोफूवाल्याशी दहा मिनिटं भांडू शकते.

सहाला सकाळी तांदळाच्या डब्यातलं कार्ड काढलं, त्याला चिकटलेला कोंडा झटकला आणि पर्समध्ये टाकलं. का, ते मला माहीत नव्हतं. बसमध्ये पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. यांनी विचारलंसुद्धा, दाढ फार दुखतेय का.

किनुयोबाईंनी आपलं काम चोख केलं. अगंबाई, इतक्या लांबून. कधी केलाय का कागद? नुत्सानं नाही म्हटलं, ॲप्रन बांधला, बाह्या सारल्या आणि हौदाशी उभी राहिली. या वेळी ती धडपडली नाही. विसरली असावी, किंवा कंटाळली असावी खोटं धडपडायला. साचा पाण्यात गेला, वर आला, पाणी एका लाटेत पुढे गेलं आणि मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. तिचे खांदे हलत नव्हते. तिनं जादाचं पाणी हौदात फेकलं, चौकट उघडली, काड्यांची चटई पाटावर पालथी घालून उचलली. खाली ओला कागद राहिला. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही.

"हं," किनुयोबाई म्हणाल्या. घरच्या कामगाराला म्हणतात तसं. आपलं सोंग त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

मी यांच्याकडे बघितलं. पहिल्याच खेपेला, असं म्हणतील म्हणून मी हसायच्या तयारीत होते. हे कागदाकडे बघतच नव्हते. नुत्साच्या हातांकडे बघत होते.

"अजून एक कर," ते म्हणाले.

तिनं केला. दुसराही तसाच.

"हे पहिल्या खेपेचे हात नाहीत."

किनुयोबाईंनी नळ बंद केला, तेव्हा कळलं की इतका वेळ तो वाहत होता.

"कितवी खेप आहे, नुत्सा?"

नुत्सानं माझ्याकडे बघितलं. तिनं हात ॲप्रनला पुसले, नीट, एकेक बोट.

"तिसरी, बाबा."

"वही आहे?"

तिनं पिशवीतून वही काढली, पान उघडून दिलं. यांनी चष्मा कपाळावर सारून ते जवळून बघितलं. नऊ ऑगस्ट, जोर लावून उठवलेला. त्यांनी पान उलटून मागचं उमटलेलं पण बघितलं. मग खिशातून घडी केलेला तक्ता काढला, शेजारच्या वाळवायच्या फळीवर पसरला आणि आजच्या रेघांवरून बोट फिरवत गेले. बसपर्यंत, गावापर्यंत, सपाट तुकड्यापर्यंत. बोट तिथेच थांबलं.

"माझ्याकडे शिकणाऱ्या कुणी असा तक्ता आणला असता," ते म्हणाले, "तर मी सही केली नसती."

"मला तिन्ही वेळा आवडलं," नुत्सा म्हणाली. "खरंच आवडलं. हे खोटं नाही."

"ते दिसतंच आहे. हातावरून." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कधी ठेवत नाहीत. मग माझ्याकडे वळले. "तू पण होतीस, तिन्ही वेळा?"

मी पर्स उघडली, कार्ड काढलं आणि तक्त्यावर ठेवलं, सहा तारखेच्या रेघांवरच. एक तांदळाचा दाणा कुठून तरी निघाला आणि फळीवर पडला.

त्यांनी कार्ड वाचलं. रुग्णालय, विभाग, वेळ. पुन्हा वाचलं. मग मनगट वळवून घड्याळ बघितलं, आणि सदतीस वर्षांची सवय ती, विचार न करताच म्हणाले, "बारा अठराची बस धरली तर बारा मिनिटं आधी पोहोचतो. सोबाला वेळ नाही."

शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढून त्यांनी तक्त्यावर नवी रेघ ओढली, गावापासून शहराकडे. ती सरळ आली. शेजारी दुसरी ओढली. तिसरी ओढण्याआधी हात थांबला. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलंच होतं.

"मी विसरायला लागलोय, फुसाए," ते म्हणाले. "यापुढं मला सांगत जा. दोघीही."